छर्रे गेले कुठे

१

साडी चुकली तर जावेला देऊन टाकता येते. काडतूस चुकलं तर ते कोणाला देणार? म्हणून काडतूस निवडताना मी कोणाची घाई चालू देत नाही, मागे माणसं ताटकळली तरी.

वेंडलला हे ठाऊक होतं. अमेरिकेत आम्ही राहायचो त्या कॅरीहून तासभर गाडी हाकली की त्याचं दुकान यायचं. गळ, गांडुळं, बूट, बंदुका, शेंगदाण्याची बिस्किटं, सगळं एका छपराखाली. मागे त्याचंच शेत, आणि शेताला लागून त्याचंच जंगल. मार्च संपत आला की मी आमची लांबलचक ब्यूइक त्याच्या दारात उभी करायची आणि तो म्हणायचा, "आली मिस पॅडी. आता माझी सकाळ गेली."

माझं नाव पद्मिनी. त्याच्या जिभेला तेवढंच झेपायचं.

त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, त्याने काउंटरवर तीन खोकी मांडली. चार नंबर, पाच नंबर, सहा नंबर. यात कारभार उलटा असतो. नंबर लहान तर आतला छर्रा मोठा. चारचा छर्रा बारीक मिरीएवढा, सहाचा मोहरीएवढा, पाचचा मधला. मोठा छर्रा लांबवर जोरात बसतो, पण काडतुसात मावतात थोडे. बारीक छर्रे ढीगभर मावतात, पण लांब गेले की दमतात. आणि टर्की, म्हणजे इथला मोराएवढा रानपक्षी, त्याच्या अंगावर पिसांचं असं चिलखत की अंगावर मारून उपयोग नाही. मारायचं ते डोक्यावर आणि मानेवर, म्हणजे माझ्या मनगटाएवढ्या जागेवर.

"मिरी घ्यायची की मोहरी?" आमचे हे माझ्या मागून म्हणाले. "फोडणी कसली आहे त्यावर आहे."

हे म्हणजे गुरुदत्त. रिसर्च ट्रँगल म्हणतात त्या वसाहतीतल्या औषधांच्या कंपनीत आकडेशास्त्राचे मोठे तज्ज्ञ. शिकले सोळा-सतरा वर्षं. मी शिकले चार. पंचवीस वर्षं आमचं जमलं, कारण मला त्यांचे आकडे कळत नाहीत आणि त्यांना माझा राग कळतो.

आणि पंचवीस वर्षांचीच गोष्ट होती. रविवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस. शनिवारी टर्कीचा मोसम उघडणार. मी मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात सगळ्यांसमोर सांगून बसले होते की रविवारी आमच्या अंगणात माझ्या बंदुकीची टर्की आणि तिचा तांबडा रस्सा. बायका हसल्या होत्या. हसल्या म्हणजे आता मागे फिरायची सोय नव्हती.

"तिन्ही दे," मी वेंडलला म्हटलं. "कागदावर मारून बघते. बंदुकीला कोणतं पचतं ते तीच सांगेल."

२

बंदूक मला नवी नाही. माझं माहेर आजऱ्याकडचं, रानाच्या कडेचं. आबांकडे ठासणीची बंदूक होती. छर्रे विकत आणायची ऐपत नव्हती, म्हणून शिशाची पट्टी छिन्नीने तोडून घरीच करायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती या कामावर. मी डावरी. माझे तुकडे सगळे एका अंगाने तिरपे पडायचे. आबा म्हणायचे, "पोरीचे छर्रेसुद्धा वाकडं बोलतात."

एकदा आबांनी करवंदीच्या जाळीत ससा हेरला आणि बार टाकला. धूर उडाला, आणि धुराच्या मागे जाळीतून मी उठून उभी राहिले. ओटीत करवंदं, तोंड जांभळं. अंगावर ओरखडे होते ते काट्यांचे. छर्रा एक लागला नव्हता. जाळीच्या पानालाही नाही.

आबा म्हणाले, दारू ओली होती. गाव म्हणालं, म्हाताऱ्याचा नेम गेला. आबा मरेपर्यंत लोक त्यांना वाटेत थांबवून विचारायचे, "ससा बरा आहे का?" आणि आबा दगड उचलायचे.

आई मात्र दुसऱ्या दिवशी त्या जाळीपाशी भाकरी-कालवणाचं ताट ठेवून आली. कशाला, ते तिने सांगितलं नाही. आमच्याकडे विचारायची पद्धत नव्हती.

सशाचं हे मी अमेरिकेत कोणाला, ह्यांनासुद्धा, सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात? एक म्हातारा, एक ससा, एक फजिती.

३

कागदावर मारून बघायचं म्हणजे असं. चाळीस पावलांवर कागद लावायचा, त्यावर टर्कीचं डोकं-मान काढायची, आणि एकेक काडतूस झाडून बघायचं की किती भोकं कुठे पडली. छर्रे नळीतून मुठीसारखे निघतात आणि जाता जाता पसरतात. चांगलं काडतूस सगळीकडे सारखं पसरतं, रांगोळीचे ठिपके टाकावेत तसं.

कागद ह्यांच्या ऑफिसातले. कॉम्प्युटरचे, कडेला भोकं, मधे हिरवे पट्टे, चिकटपट्टीने जोडून चादरीएवढे केलेले. डोकं काढलं आमच्या सुनेत्राने. वय अठरा, कॉलेजला जायच्या बेतात, आणि जिभेला हाड नाही. तिने टर्कीला तिच्या वडिलांचा चष्मा घातला होता. जाड काडीचा, डाव्या कानापाशी तार गुंडाळलेला, हुबेहूब.

"डॅडींसारखी दिसते, सो यू वोन्ट मिस," ती म्हणाली.

"नेम चुकेल याची मला काळजी नाही," हे म्हणाले. "हिला सवय आहे."

वेंडलच्या शेताच्या टोकाला लाल मातीचा उंच बांध होता. त्याच्यासमोर कागद ताणला. सकाळचं ऊन, पलीकडे डॉगवुडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरलेली, कुठेतरी ट्रॅक्टरवर रेडिओ चाललेला. मी सहा नंबर भरला, दस्ता खांद्यात घट्ट घेतला आणि बार टाकला. खांदा हलला. मला तो धक्का आवडतो. कोणीतरी आपल्याशी सरळ बोललं असं वाटतं.

कागदापाशी गेलो. ठिपके सुरेख पडले होते. दाट, सारखे. फक्त मधोमध, चष्म्याच्या जागी, एक मोकळी जागा होती. आमटीच्या वाटीएवढी. तिच्या काठापर्यंत भोकंच भोकं, आत एक नाही.

"चष्मा वाचला," सुनेत्रा म्हणाली.

हे कागदाशी नाक लावून उभे राहिले. "योगायोगाने असं होऊ शकतं," ते म्हणाले, "पण फारच क्वचित."

"म्हणजे होऊ शकतं ना?"

"हो."

"मग झालं," मी म्हटलं, आणि दुसरा कागद लावला.

दुसऱ्यावरही तीच जागा होती. तीच वाटी, तिथेच.

४

चार नंबर मारला. पाच मारला. तांब्याचा मुलामा दिलेले, महागाचे, वेंडलने डोळा मारत दिलेले, तेही मारले. भोकं कधी मोठी, कधी बारीक, कधी दाट, कधी विरळ. मधली जागा तशीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, आणि आता ती ताटलीएवढी होती.

वेंडल कारणं देत होता. काडतुसातलं बूच मधेच फिरत असेल. नळीचं तोंड कुठेतरी चेमटलं असेल. वारा असेल. मी म्हटलं, वारा कागदावर ताटली मांडतो का? त्याने माझी बंदूक घेतली, काच लावून आतून बघितली, पुसली, आणि माझंच काडतूस भरून स्वतः झाडली.

कागद भरून आला. मोकळी जागा कुठेच नाही. टर्कीचं डोकं, ह्यांचा चष्मा, सगळ्याची चाळण.

"म्हणजे बंदूक ठीक," तो म्हणाला. "आता तुम्ही मारा."

मी मारलं. ताटली.

मग त्याने स्वतःची बंदूक माझ्या हातात दिली. मी तीही झाडली. ताटली.

वेंडलने टोपी मागे सरकवली आणि बांधाच्या मातीकडे बघत राहिला. छर्रे कागदातून आरपार जाऊन मातीत रुतायचे. कागद बाजूला केल्यावर मातीतही तीच गोल जागा कोरी होती, लाल आणि गुळगुळीत. छर्रे कागदापर्यंत आलेच नव्हते. वाटेतच कुठेतरी राहिले होते.

मी कागद आणि बंदूक यांच्या मधली जमीन चालून बघितली. गवत होतं, पिवळी रानफुलं होती. खाली वाकून हाताने चाचपलं. एकही छर्रा पडलेला नव्हता.

"आई, धिस इज सो वीअर्ड," सुनेत्रा म्हणाली, पण हसत. मग तिने दोन्ही हातांनी दंड चोळले. ऊन चांगलं होतं.

मी तिला म्हटलं, "गाडीत बस. सँडविच खा."

मला भीती वाटली का? खरं सांगते, आधी राग आला. माझ्या बंदुकीतून निघालेला माल कोण मधल्यामधे ठेवून घेतंय?

५

आमच्या दिवाणखान्यात हे संध्याकाळी सगळे कागद पसरून बसले. तारखा घालून, ओळीने. मी स्वयंपाकघरातून बघत होते. पहिल्या दिवशीची वाटी, दुसऱ्या दिवशीची ताटली, आणि त्या दिवशीचा, गुरुवारचा, कागद. गुरुवारी जागा परातीएवढी झाली होती. छर्रे फक्त काठाकाठाने.

आणि मोठी झाल्यावर तिचा आकार कळायला लागला होता. गोल नव्हती ती. खालून रुंद, वर चार बोळकांड्या गेलेल्या, आणि एका बाजूला पाचवी, आखूड.

मी कणकेचा हात तसाच धरून उभी राहिले. ह्यांनी टॉर्च आणला, माझ्या हातात दिला, आणि भिंतीपाशी जाऊन आपला पंजा भिंतीजवळ धरला. सावली पंजाएवढीच. मग ते पंजा तसाच धरून एकेक पाऊल माझ्याकडे आले. सावली वाढत गेली. ताटलीएवढी झाली. परातीएवढी झाली. त्यांचा हात टॉर्चजवळ आला तेव्हा सगळी भिंत काळी होती.

"छर्रे असेच पसरत जातात," ते हळू म्हणाले. "हात तेवढाच आहे, पद्मा. मोठा होत नाहीये. जवळ येतोय."

"कोणाचा?"

"ते आकड्यात येत नाही."

त्यांनी टॉर्च बंद केला आणि दिवाणखान्यातले सगळे दिवे लावले. जिन्यातलेसुद्धा. मग आम्ही दोघंही उगाचच मोठ्याने बोलत जेवलो.

जेवताना मी म्हटलं, "मी शनिवारी जात नाही. हात पुढे करून कोणी उभं राहतं ते कशाला? थांब म्हणायला. उद्या तुम्हीच माझ्यासमोर आलात तर? दर मोसमाला कोणी ना कोणी टर्की समजून माणूस मारतो, वेंडल सांगतो."

"मी समोर कशाला येऊ? मी तुझ्या मागे बसून डबी वाजवणार."

ह्यांच्याकडे एक लाकडी डबी होती. तिचं झाकण घासलं की टर्कीच्या मादीसारखा आवाज निघायचा आणि नर ओढ लागून यायचा. हे ती महिनाभर गॅरेजमधे घासत होते. शेजाऱ्यांचा कुत्रा वेडा व्हायची पाळी आली होती.

"रविवारी वीस माणसं येणार आहेत," ते म्हणाले. "काय वाढशील? भरीत? त्या बायका वर्षभर भरीत-भरीत करतील. आणि खरं सांगू का, मला तुला टर्की मारताना बघायचंय. लग्न झाल्यापासून तू मला आबांच्या बंदुकीचं सांगतेस. मोसमाला जातेस ती एकटीच, मी आजवर फक्त झुरळं मारताना बघितलंय."

या माणसाला पंचवीस वर्षांत एकदाही मी नाही म्हटलेलं ऐकू आलं नाही.

"माझ्या मागे बसायचं," मी म्हटलं. "हलायचं नाही. शिंक आली तरी."

शुक्रवारी मी वेंडलकडून शेवटचं खोकं घेतलं. सहा नंबर. तो म्हणाला, पाच तुमच्या बंदुकीला जास्त मानवतात. मी म्हटलं, असू दे. जवळून मारीन, पण मोहरीच घेईन. मनात एवढंच होतं, लागू नये त्याला लागलंच, तर कमी लागावं.

६

शनिवारी पहाटेनंतर, झुंजुमुंजू होताना, आम्ही जंगलात जाऊन बसलो. एका जाड ओक झाडाला पाठ टेकून मी, माझ्या मागच्या झाडाला हे. गारठा होता. ह्यांनी खिशातून कानटोपी काढली. सासूबाईंनी विणलेली, शेवाळी रंगाची, गळ्यापर्यंत येणारी. ती घातली की ह्यांचं तोंड खिडकीतून बघणाऱ्या बाळासारखं दिसतं.

"ती काढा," मी कुजबुजले. "ऐकू येणार नाही."

"काय?" हे म्हणाले.

मी हसू दाबलं. हे मला खूण करून सांगायला लागले की रंग बघ, अस्सल लपायचा रंग आहे, इथल्या दुकानांत असला मिळत नाही.

दोन कप चहा पिऊन निघालेला माणूस. थोड्या वेळाने त्यांनी करंगळी दाखवली आणि झाडांमागे गेले. मी पुटपुटले काहीतरी. ते तुम्हाला सांगत नाही.

मग लांब, ओढ्याच्या बाजूने, टर्की बोलली. नर. घशात पाणी घोळवून हसावं तसा आवाज. सगळं जंगल त्या आवाजाने जागं झालं. माझ्या छातीत ढोल वाजायला लागला. डोळ्यांना पाणी आलं, इतका आनंद झाला. आबा असते तर, असं वाटलं.

मागे पानं वाजली. कोणीतरी बसल्याचा आवाज आला, गुडघे मोडून बसतात तसा, आणि एक लांब श्वास. आले एकदाचे, मी म्हटलं. मान वळवून बघितलं नाही. टर्कीची नजर अशी की पापणी हलली तरी दिसते.

डबी मात्र वाजली नाही. मी मनात शिव्या घातल्या. पण नर आपणच येत होता.

तो मोकळ्या जागेत आला. पिसारा फुलवलेला, डोकं पांढरं-निळं, गळ्याखाली लाल, छातीवर दाढी लोंबलेली. डॉगवुडच्या पांढऱ्या फुलांखालून नवरदेवासारखा चालत आला. सरळ माझ्याकडे.

आणि मधेच थांबला.

त्याने मान वर केली. माझ्याकडे नाही. त्याच्या समोर, दोन हातांवर, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर तो बघत होता. तिथे काही नव्हतं. गवत होतं, सकाळचा उजेड होता. त्याने पिसारा मिटला. मग तो बाजूने, पाय उचलून उचलून, अर्धा गोल फिरून पुढे आला. बाजारात वाटेत उभ्या माणसाला आपण वळसा घालतो ना, तसा.

माझं बोट चापावरून सरकलं. पण मी म्हटलं, हे माझ्या मागे आहेत. मी ऐकलंय त्यांना बसताना. समोर कोणी नाही. असलंच काही, तर ते त्याचं ते बघेल.

नराने मान ताठ केली. मी बार टाकला.

७

तो जागेवर पडला. एक पंख हलला आणि थांबला.

मी उठले. हसू आवरेना. "अहो, मिळाला," मी मागे वळून म्हटलं.

मागे कोणी नव्हतं. पानं तेवढी बसक्या आकारात दबलेली होती.

"अगं," समोरून आवाज आला. "इकडे. ढग गडगडला की तू?"

पडलेल्या नराच्या पलीकडे, झुडपामागच्या झाडाच्या बुंध्याशी, शेवाळी कानटोपी वर आली. मग चष्मा. मग आमचे हे, पँटची धूळ झटकत. ओढ्याकडून परत येताना त्यांचं झाड चुकलं होतं. सगळी झाडं सारखी, कानटोपीत काही ऐकू येईना, एक जाड ओक दिसला तिथे पाठ टेकून बसले. माझ्या बरोब्बर समोर. नराच्या बरोब्बर मागे.

मी बंदूक खाली ठेवली. मला आठवतं, मी ती फार जपून ठेवली. मग धावले.

चेहरा चाचपला. मान, छाती, हात. स्वेटरचा एक धागा निघालेला नव्हता. चष्म्याची काच धड. हे सारखं विचारत होते, "काय झालं? काय झालं?" मी कानटोपी ओढून काढली आणि ओढ्यात भिरकावली.

"आईने विणलेली होती," हे म्हणाले.

"त्यांना मी वर गेल्यावर सांगेन," मी म्हटलं.

मग ते वळले आणि आपण टेकून बसलो होतो त्या झाडाकडे त्यांनी बघितलं. मीही बघितलं.

बुंधा छर्र्यांनी भरून गेला होता. ताजी, पांढरी, बारीक भोकं, सालीत दाट शिवण घातल्यासारखी. आणि मधे, जिथे ह्यांचं डोकं आणि छाती होती, तिथे साल जुनी, काळी, अख्खी. कोऱ्या जागेच्या वरच्या अंगाला चार पट्टे सालीत चढलेले होते, एका बाजूला पाचवा, आखूड.

ह्यांनी आपला पंजा उचलला, त्या जागेजवळ नेला, आणि न टेकवताच खाली घेतला.

"कोणी तुझ्या मागे बसलं होतं का?" त्यांनी विचारलं. मी काही बोलले नव्हते. माझी नजर सारखी माझ्या जागेमागच्या झाडाकडे जात होती ते त्यांनी बघितलं असावं.

"खार असेल," मी म्हटलं.

वेंडल बार ऐकून आला. त्याने आधी टर्की बघितली आणि शीळ घातली. मग झाड बघितलं. मग ह्यांना बघितलं, वरून खाली, आणि पुन्हा झाड. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"मिस पॅडी," तो म्हणाला, "मी माझ्या चर्चमधे जातो. तुम्ही जिथे जात असाल तिथे जाऊन या. आणि या झाडाचं कोणाला सांगू नका. लोक फोटो काढायला येतील, माझ्या कुंपणाचं वाटोळं होईल."

त्याच्या शेताच्या टोकाला मी एक शेवटचं काडतूस कागदावर झाडलं. राहवेना म्हणून. कागद काठापासून काठापर्यंत सारखा भरला. मोकळी जागा नव्हती.

"गेलं," हे म्हणाले.

"समोरून गेलं," मी म्हटलं.

८

रविवारचं जेवण असं झालं की विचारू नका. अंगणात मोठं पातेलं, चुलीसारखी मांडलेली विटांची शेगडी, खोबरं-लसूण भाजल्याचा वास तीन घरं सोडून. हसणाऱ्या बायका पहिल्या पंगतीला होत्या. त्यांतल्या विनीताने दोनदा रस्सा घेतला आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे करताना म्हणाली, "पद्मिनीताई, थोडा तिखट झालाय हं."

"मग ती वाटी रिकामी कशी झाली?" मी विचारलं.

डॉक्टर चारुदत्त म्हणजे कडक शाकाहारी माणूस. ते म्हणाले, मी नुसता रस्सा चाखतो, रस्सा म्हणजे पाणीच. सुनेत्रा म्हणाली, "काका, दॅट्स नॉट हाउ इट वर्क्स." ते म्हणाले, "तू मेडिकलला गेलीस की मला शिकव."

मुलं अंगणभर धावत होती. ह्यांना नवी कानटोपी भेट आली, नारिंगी, कोसभरावरून दिसणारी, सुनेत्राने दुकानातून आणलेली. ती घालून ह्यांनी फोटो काढून घेतले. मग मला जवळ ओढून एक. मी सगळ्यांसमोर कधी असं उभं राहत नाही. त्या दिवशी राहिले. हात त्यांच्या दंडावर होता आणि मी तो सोडला नाही. दंड गरम होता. तेवढं मला पुरे होतं.

शिकारीचं मांस खाताना दाताखाली छर्रा येतो. मी सगळ्यांना आधीच बजावलं होतं. कोणाच्याही दाताखाली काही आलं नाही.

"साफ केलीस छान," विनीता म्हणाली.

मी छर्रे काढलेच नव्हते.

सगळे गेले, तेव्हा अजून उजेड होता. मी एक ताट वाढलं. भात, भाकरी, रस्सा, दोन चांगले तुकडे. मागच्या पायरीवर, वेंडलच्या जंगलाच्या दिशेला तोंड करून ठेवलं. हे दारात उभे होते. त्यांनी विचारलं नाही. एवढ्या वर्षांत आमच्याकडची पद्धत त्यांनाही लागली होती.

९

सकाळी मी चहा टाकला आणि मागचं दार उघडलं.

ताट रिकामं होतं. इकडे रात्री अन्न चोरायला येणारा रॅकून खातो तर सांडतो, उलटं करतो, फरपटत नेतो. हे ताट जागच्या जागी होतं. आणि निपटलेलं होतं, आपण शेवटचा रस्सा निपटतो तसं. तांबड्या तेलकट थरात चार बोटांच्या वाटा, बाहेरून आत, नीट ओढलेल्या.

ताटाच्या मधोमध, जेवण झाल्यावर हाडं एका बाजूला सारतात तसा, छर्र्यांचा ढीग होता.

हे माझ्या मागे येऊन उभे राहिले. वाकले. चष्मा वर केला. "चार नंबर," ते म्हणाले. "सहा. पाच. तांब्याचेही आहेत. पद्मा, कागदांवरून मी गैरहजर छर्रे किती ते काढलेलं आहे. मोजून बघू?"

"मोजू नका," मी म्हटलं.

"पण..."

"मोजायचं नाही. आणि शिवायचंही नाही."

ते मागे सरले. चहा उतू गेल्याचा वास आला तसे आत धावले. मी पायरीवर बसले. पक्षी ओरडत होते. शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणापाशी आला, ताटाकडे बघितलं, आणि शेपूट हलवत हलवत मागे मागे गेला. आनंदाने की कशाने, कुत्र्यालाच माहीत.

ढिगाच्या खाली काहीतरी चमकलं नाही म्हणून माझी नजर तिथे गेली. बाकीचे छर्रे गोल, गुळगुळीत, कारखान्यातले. त्यांच्या खाली थोडे होते ते काळवंडलेले. गोल नव्हते. कोपरे होते त्यांना. छिन्नीने तोडलेले.

मी एक उचलला. मीच शिवू नका म्हटलं होतं, पण हा माझा होता. एका अंगाने तिरपा. सगळे तसेच, एका अंगाने तिरपे.

आतून हे विचारत होते, साखर कुठे ठेवलीस. सुनेत्रा जिन्यातून ओरडत होती, कोणीतरी माझा हेअर ड्रायर घेतलाय.

मी तो तुकडा मुठीत धरून बसले. लहानपणी धरायचे तसा, घट्ट, कोपरे तळव्यात रुतेपर्यंत.

"आबा," मी म्हटलं, "दारू ओली नव्हती."

मग मी ते ताट आत नेलं, घासलं, आणि आमच्या तीन ताटांच्या वर चौथं म्हणून मांडून ठेवलं.